रिकामा क्योंडो

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. कावुथा माझी जाऊ. मोम्बासात आमची दारं समोरासमोर आहेत. तिच्या अंगावरची खूण मी या डोळ्यांनी बघितली आहे, म्हणून सांगतेय.

आणि रात्रीची वाट बघू नका. भुतं रात्रीच येतात असं ज्याने सांगितलं, त्याने आमच्या उकाम्बानी मुलखातली डिसेंबरची दुपार बघितलेली नाही.

गेल्या वर्षीचा नाताळ. भर दुपार. जागा, म्बूनीच्या डोंगराखालचं कावुथाचं माहेर.

आमच्याकडे नाताळला विकतची भेट दिली, तर घेणारी हसून घेते आणि पाठ वळली की नाक मुरडते. द्यायचं ते हातचं. क्योंडो द्यायचा. घायपाताचा वाख काढायचा, तो मांडीवर तळव्याने वळून दोरा करायचा, आणि त्या दोऱ्याची खांद्याला अडकवायची टोपली विणायची. मांडी लाल होते, सोलवटते. बाई कोणासाठी मांडी सोलवटून घेते, यावरून तिची माया कळते.

आणि एक नियम. भरून आलेला क्योंडो भरूनच परत जातो. आंबे घाला, चवळी घाला, काही नसेल तर मूठभर मीठ घाला.

पण रिकामा नाही.

रिकामा क्योंडो परत करणं म्हणजे तोंड न उघडता सांगणं... तू मला मेलीस.

कावुथा आणि म्बिथे लहानपणापासूनच्या मैत्रिणी. एकीला ठेच लागली तर दुसरी कळवळायची. कावुथा लग्न होऊन मोम्बासाला आली, हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागली. नाताळात हॉटेलवाले सुट्टी देत नाहीत. पण क्योंडो कधी चुकला नाही. दर नाताळला बसने एक हिचा जायचा, एक तिचा यायचा.

दोघींचे दोरे आंधळ्यानेही ओळखावेत. कावुथा डावखुरी. ती डाव्या मांडीवर वळते, म्हणून तिच्या दोऱ्याचा पीळ उलटा पडतो.

"तुझा दोरासुद्धा तुझ्यासारखाच उलट्या डोक्याचा," म्बिथे चिडवायची.

म्बिथे उजव्या मांडीवर वळायची. उजवी मांडी... हे लक्षात ठेवा.

तर गेल्या वर्षी, नाताळच्या थोडं आधी, कावुथा कामावरून परत येत होती. किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी दुकानं आहेत. एका दुकानाच्या दारात क्योंडो टांगलेले. ती सहज बघत चालली होती.

आणि थांबली.

उलटा पीळ.

तो तिने आदल्या नाताळला म्बिथेला पाठवलेला क्योंडो होता. तिच्या हातचा. आणि त्याच्या शेजारी एक इवलासा क्योंडो लटकत होता. तोही तिचाच. म्बिथेला मुलगी झाली, तिचं नाव कावुथा ठेवलं, असा मेसेज आला होता ना? त्या आनंदात हिने त्या पोरीसाठी विणला होता.

दोन्ही विकायला.

तिने तिथेच उभं राहून मेसेज केला. 'मी दिलेला क्योंडो कसा आहे गं?'

उत्तर लगेच आलं. 'झकास! दर रविवारी चर्चला तोच नेते. आणि पोर छोट्याशिवाय झोपतच नाही.'

कावुथाने फोन लावला. नेहमीसारखा वाजून वाजून बंद पडला. मग नेहमीचाच मेसेज. 'फोनचा कान बिघडलाय गं. लिहूनच बोल.'

त्या संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"मांडी सोलवटून घेतली मी तिच्यासाठी," ती म्हणाली. "पोटात बाळ असताना घेतली. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळं होतं. हिला काय म्हणू?"

हॉटेलवाल्यांना न सांगताच ती गावी निघाली. बाळ माझ्याकडे ठेवलं. खांद्याला म्बिथेचा क्योंडो होता, आदल्या नाताळला आंबे भरून आलेला.

आता त्यात काहीही नव्हतं.

माहेरी पोचली तेव्हा आई चपात्या लाटत होती, धाकटी बहीण काटुंगे भाजत होती. आवारात बकऱ्याच्या मटणाचा वास. कावुथाला बघून दोघींचे चेहरे उतरले. नाताळला लेक घरी आली, आणि आईच्या हातातलं लाटणं थांबलं.

"न सांगता आलीस?" आई म्हणाली.

"म्बिथेकडे जायचंय."

काटुंगेची चपाती तव्यावर करपली. तिने ती उलटलीच नाही.

"ताई... म्बिथे नाहीये."

"कुठे उलथलीये?"

"ताई, अगं, म्बिथे..."

"काटुंगे!" आई ओरडली. "बहीण उपाशी आलीये. ताट वाढ आधी. बोलणी मग."

कावुथाला वाटलं, या दोघीही तिला पाठीशी घालतायत. सगळं गावच सामील! ती ताटाकडे न बघता निघाली.

म्बिथेचं घर टेकडीच्या कडेला. वाटेत माणूस नाही. सगळी चर्चला, नाहीतर ताटावर.

आवारात शिरली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

कुत्रं भुंकलं नाही.

कोंबडी नाही. पोरांचा आवाज नाही. नाताळची दुपार, आणि चुलीचा धूर नाही.

आंब्याचं झाड मात्र लगडलेलं. खाली पिकून पडलेल्या आंब्यांचा चिखल झाला होता. कोणी एकही उचलला नव्हता.

आणि मग तो आवाज आला...

सर्र... सर्र... सर्र...

मांडीवर वाख वळल्याचा.

झाडाखाली म्बिथे बसली होती. पाठमोरी. पाय लांब केलेले, डोकं खाली.

"मजेत आहेस!" कावुथा म्हणाली. "विकायला आणखी एक करतेयस वाटतं?"

सर्र... सर्र...

"माझा क्योंडो मोम्बासात टांगलाय. माझ्याच नाकासमोर. आणि तू चर्चला नेतेस म्हणे! अगं, अडचण होती तर तोंडाने सांगायचं होतंस. मी अंगावरचं काढून दिलं असतं."

सर्र... सर्र...

"आणि पोरीचा? माझ्या नावाच्या पोरीसाठी केलेलासुद्धा विकलास?"

आवाज थांबला.

"कुठली पोर...?" म्बिथेने विचारलं. हळूच. खरंच माहीत नसल्यासारखं.

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस!"

कावुथाने खांद्यावरचा क्योंडो काढला, रिकामा दिसावा तसा उलटा करून झटकला आणि तिच्याकडे फेकला. तो तिच्या मांडीशी पडला.

म्बिथेने मान वळवली नाही. नुसती खाली घातली. मग म्हणाली,

"रिकामा आणलास?"

त्या आवाजात राग नव्हता. कावुथा म्हणते, राग असता तर मी आज शांत झोपले असते.

"हो, रिकामा. समजलीस ना?"

"थांब... भरून देते."

"नको मला तुझं काही!"

ती तरातरा निघाली. फाटकाशी एकदाच वळून बघितलं. झाडाच्या पानांतून उन्हाचे ठिपके पडले होते. म्बिथेच्या अंगावर एकही ठिपका नव्हता...

सगळे जमिनीवर होते. जिथे ती बसली होती, तिथेसुद्धा.

डोक्यात संताप असला की डोळे बघतात आणि मन बघत नाही. ती पुढे चालू लागली.

पायवाटेवर मुंबुआ आजी भेटली. शेजारची, चर्चहून येत होती.

"काय गं, सणासुदीला कोणावर तोंडसुख घेत होतीस? वरपर्यंत आवाज येत होता."

"म्बिथेवर, आजी. दुसरं कोण?"

आजीच्या हातातली छत्री खाली आली.

"बाई गं," ती म्हणाली. "तुला कोणी सांगितलंच नाही?"

म्बिथेला जाऊन दीड वर्ष झालं होतं. एप्रिल-मेच्या मोठ्या पावसात, बाळंतपणात गेली. बाळही गेलं. नवरा थोरल्या पोरांना घेऊन आपल्या भावाकडे गेला, घर तेव्हापासून बंद. तिला आवारातच पुरलं होतं.

"कुठे?" कावुथाने विचारलं.

"आंब्याखाली."

ती धावत परत गेली. दाराला काटेरी फांद्या लावलेल्या होत्या. आंब्याखाली मातीचा उंचवटा, गवताने झाकलेला. त्याच्यासमोर तिने क्योंडो उलटा करून झटकला होता. त्याच्यावर फेकला होता.

क्योंडो तिथे नव्हता.

ती मातीवर बसली आणि पडलेले आंबे चाचपू लागली, भरायला. चांगला असा एकही मिळाला नाही. आणि भरणार तरी कशात?

घरी आली तेव्हा आई आणि काटुंगे जेवायला बसल्या होत्या. कावुथाने काही विचारलं नाही. दारात उभी राहून म्बिथेचा नंबर लावला.

घरात फोन वाजला.

काटुंगेच्या कमरेला गुंडाळलेल्या छापील कापडाच्या, चपातीच्या पिठाने माखलेल्या कांगाच्या गाठीत.

कोणी उचलला नाही. वाजून वाजून तो बंद पडला.

"तू पोटुशी होतीस," आई म्हणाली. "आधीचं एक गेलं होतं तुझं. ही बातमी ऐकून हेही गेलं असतं तर? मीच म्हटलं, सांगू नका. तिच्या नवऱ्याकडून फोन मी मागून घेतला."

"आणि बाळ झाल्यावर?"

आई चपातीचा तुकडा मोडत राहिली.

"मग सांगायचं राहिलं, ताई," काटुंगे रडायला लागली. "तू विचारत राहिलीस, बाळंतीण झाली का, काय झालं. मी लिहिलं मुलगी. मग तुझा क्योंडो आला. पडून राहिला असता तो. बाजारात एक बाई घ्यायची, मोम्बासाला पाठवायची..."

"नाव पण तूच ठेवलंस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"चांगले पांग फेडलेत," कावुथा म्हणाली. "मी मेलेल्या बाईला शिव्या देऊन आले. रिकामा क्योंडो तोंडावर मारून आले. आणि मला पाठवलेला क्योंडो? तोही तूच विणलास, तिच्या नावाने?"

काटुंगेने डोळे पुसले.

"कुठला क्योंडो?"

"गेल्या नाताळला आला तो. आंबे भरलेला. आज नेला होता तो."

"ताई, देवाशप्पथ, मी नुसते मेसेज केले. क्योंडो मी कधीच पाठवला नाही. मला विणता कुठे येतं?"

आईने ताट बाजूला सरकवलं. तिलाही हे माहीत नव्हतं, एवढं तिच्या तोंडावर दिसत होतं.

म्बिथे गेल्यावर आलेला तो क्योंडो. सरळ पिळाचा. उजव्या मांडीवर वळलेला.

मेलेल्या बाईला मांडी कुठली?

तेव्हा कावुथाला आठवलं. तो क्योंडो येण्याआधी तिची उजवी मांडी सोलवटली होती. लाल, आग आग. दवाखान्यात म्हणाले, घामोळं असेल. तिने मलाही दाखवली होती. मी म्हटलं होतं, "अगं, वाख वळून वळून झालं असेल." ती हसली होती. "मी डावखुरी ना गं!"

त्याच दिवशी ती माहेराहून उठून आली. त्यानंतर तिने काटुंगेशी बोलणं टाकलं. आईचा फोन येतो, ती बाळाच्या हातात देते.

हे झालं गेल्या वर्षीचं. इथे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

या डिसेंबरात कावुथाची उजवी मांडी परत लाल झाली.

एका दुपारी मी तिच्याकडे गेले. ती चटईवर झोपली होती, दोन्ही हात गालाखाली. बाळ शेजारी. पंखा बंद, वीज गेलेली.

सर्र... सर्र...

मी आधी बाळाकडे बघितलं. मग तिच्या हातांकडे. हात गालाखालीच होते.

तिच्या उजव्या मांडीवरची कातडी दबत होती. गुडघ्याकडे सरकत होती, परत वर येत होती. कोणीतरी तळवा ठेवून दाबावं तशी.

मी तिला उठवलं आणि सांगितलं. तिने मांडीवरून हात फिरवला.

"करू दे," ती म्हणाली. "भरून देते म्हणाली होती."

काल, भर दुपारी, तिच्या उंबऱ्यावर क्योंडो होता. तोच, तिने फेकलेला. गल्लीत सगळी माणसं होती, कोणी ठेवताना पाहिलं नाही. मातीचा वास होता त्याला.

त्याचं तोंड शिवून टाकलं होतं. नव्या दोऱ्याने. सरळ पिळाच्या.

मी उचलून बघितला. रिकामा नाही, एवढं नक्की. पण आंबेही नाहीत. हलका आहे. कलता केला की आतलं काहीतरी एका बाजूला सरकतं... आणि थांबतं.

"उघडायचा का?" मी विचारलं.

कावुथाने तो माझ्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला. उजव्या.

"माझ्या माणसांनी मायेच्या नावाखाली मला फसवलं," ती म्हणाली. "हिने कधी फसवलं नाही, आणि मी हिलाच मेलीस म्हणाले. आता हिने यात माया भरली की राग, ते उघडल्यावर कळेल. मला नाही जाणून घ्यायचं."

आज नाताळ आहे. क्योंडो समोर तिच्या खिडकीत टांगलेला आहे. कावुथा नव्या क्योंडोसाठी डाव्या मांडीवर वाख वळत बसली होती, तो म्बिथेला भरून पाठवायचा आहे ना. आवाज माझ्या ओट्यापर्यंत येतो.

मघाशी ती बाळाला घेऊन आत गेली.

आवाज थांबलेला नाही.