सहाव्या दगडाचा आवाज

"थोडं चूप राहा, मॅडम. दगड बोलून राह्यला."

डोणगावजवळच्या खदानीत पाऊल ठेवल्या ठेवल्या हे ऐकावं लागलं. बोलणारा एका काळ्या दगडाला कान लावून, डोळे मिटून बसला होता. हातात हातोडा, भुवयांवर पांढरी भुकटी... मी आल्याचं त्याला काहीच नव्हतं. मी मयुरी, बुलढाण्याच्या प्रयोगशाळेत बांधकामाचं सामान तपासते. भले भले ठेकेदार माझ्यासमोर हात जोडून उभे राहतात, आणि हा मला गप्प बसवत होता.

"काय म्हणतो मग तुमचा दगड?"

त्यानं डोळे उघडले. "म्हणते, मॅडमच्या चपलेचा आवाज लय होते."

मी हसले नाही. म्हणजे, तिथं हसले नाही. परतताना एसटीत हसले.

त्याचं नाव संघपाल. गावात नवं वाचनालय उभं राहत होतं आणि त्याच्या दर्शनी भागाला सहा दगडी खांब लागणार होते. दगड तपासणीत पास झाला तर संघपालचा, नाही तर बाहेरगावचा, अशी समितीची अट होती. त्यासाठीच मी नमुने न्यायला आले होते.

"तुम्ही कशावरून निवडता?"

"पाणी, हात, कान." त्यानं दगडावर तांब्याभर पाणी ओतलं. एक थेंबही आत न मुरता सगळं घरंगळून गेलं. मग त्यानं हातोडा हलकेच मारला... आणि पितळेची परात वाजावी तसा तो दगड वाजला. आवाज खदानीच्या भिंतीवर जाऊन परत आला. मी आजवर शेकडो दगड फोडले होते, पण एकाचंही ऐकून घेतलं नव्हतं. अंगावर काटा आला.

"एवढा जीव का लावता?" मी हळूच विचारलं.

त्यानं झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. ते त्याचे वडील, प्रेमानंदबाबा. "चाळीस वर्षं खडी फोडली बाबानं. किती सडकांखाली त्याचा दगड हाये, त्यालेच मालूम नाई. पण उभा एकबी नाई. त्याच्या डोळ्यादेखत एक तरी उभा राहावा..."

पाच दगड त्यानं मला वाजवून दाखवले. सहाव्यावर हातोडा मारला तेव्हा मी अगदी समोर उभी होते, ओढणी सावरत. तो दगडाकडे पाहतच नव्हता.

"हा बी चांगला," तो घाईनं म्हणाला.

दगडाचे ठोकळे तीन दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग मशीनखाली दाबून फोडायचे, हा आमचा नियम. भिजल्यावरच दगडाची खरी ताकद कळते. मी मात्र ते दुसऱ्याच दिवशी बाहेर काढले! अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय. सगळे पास झाले. मी लगेच फोन केला. पलीकडे हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला, मग तो म्हणाला, "बाबाले सांगतो."

संध्याकाळी रजिस्टरवर सही करताना तारीख दिसली. ठोकळे जेमतेम एक दिवस भिजले होते. मी पेन खाली ठेवलं. कुणाला कळलं नसतं. पण त्या खांबांवरच्या छताखाली गावची पोरं वाचत बसणार होती. मी पुन्हा फोन लावला.

"निकाल मागे घेते. चूक माझी आहे. घाई झाली."

"काऊन? कशाची घाई होती?"

"नवे ठोकळे पाठवा," म्हणून मी फोन ठेवला.

संघपाल स्वतः नवे ठोकळे घेऊन आला. तीन दिवस ते पाण्यात राहिले, आणि तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी बाप-लेक दोघंही आले. पाच दगड पास झाले. सहाव्याला मशीनवरचा आकडा चढत गेला, आणि मधेच खाडकन् ठोकळा दुभंगला. बाबांनी मान खाली घातली.

मी तुकडे उचलले आणि तशीच थांबले. आत आवळ्याएवढी पोकळी होती, पांढऱ्याशुभ्र स्फटिकांनी भरलेली. खिडकीतलं ऊन त्यांच्यावर पडलं आणि ते लखलखले.

"लाव्हा थंड होताना राहिलेला बुडबुडा आहे हा," मी म्हणाले. "साडेसहा कोटी वर्षं यात उजेड गेला नव्हता."

"म्हंजे हे पाह्यणारे आपण पयले?"

"हाव." माझी घरची बोली आपोआप तोंडात आली. आम्ही दोघं त्या इवल्याशा पोकळीवर वाकून पाहत राहिलो. श्वाससुद्धा जपून घेत होतो.

"मले मालूम होतं," तो पुटपुटला. "सहाव्याचा आवाज भद्द आल्ता."

"मंग घेतला काऊन?"

"तुम्ही समोर उभ्या होत्या. मले सगळंच गोड आयकू येत होतं."

माझे कान तापले. "आणि मी... तुम्हाला लवकर सांगता यावं म्हणून ठोकळे आधीच काढले."

दारातून बाबा म्हणाले, "दोघंबी कामातून गेले म्हणा की."

सहावा दगड मी निवडला. संघपाल मुद्दाम पाठ करून दूर उभा राहिला. मी थंडगार दगडाला कान लावला, हातोडा मारला, आणि तो स्वच्छ आवाज माझ्या छातीपर्यंत पोचला. पूर्ण तीन दिवस भिजून तो पास झाला.

खांब उभे राहिले त्या सकाळी बाबांनी चपला काढल्या. पहिल्या खांबाला दोन्ही तळहात लावून ते वर पाहत राहिले, कितीतरी वेळ. "फुटला नाई," एवढंच म्हणाले. माझे डोळे भरून आले.

"मयुरी," संघपाल शेजारी येऊन म्हणाला. मॅडम गळून पडलं होतं. "घरी विचाराले कधी येऊ?"

"तीन दिवसांनी या," मी म्हणाले. "पूर्ण तीन. घाई नको."

दुसऱ्याच दिवशी सकाळी बाप-लेक आमच्या दारात उभे होते.