पाठीमागचा वारा

“ताई, असाल तशा या. मावशींना पोलीस घेऊन चाललेत!”

शेजारणीचा फोन ठेवून ताई ऑफिसातून तडक निघाली. विमानांचे मार्ग आखणं हे तिचं काम, पण आज डोकं ठिकाणावर नव्हतं. परवा बाबा गेले. त्यांचं श्वासाचं यंत्र कुणीतरी बंद केलं होतं. यंत्रातल्या नोंदीप्रमाणे, सव्वाचारला.

घरात फौजदारबाई उभ्या होत्या. चार वर्षं बाबांचं सगळं करणाऱ्या मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“चारनंतर निघून पावणेपाचपर्यंत मी औषधाच्या दुकानात होते हो! दाराला कुलूप होतं.”

“किल्ल्या कुणाकडे?”

“माझ्याकडे, ताईंकडे आणि धाकट्याकडे.”

“ताई ऑफिसात होत्या, सगळ्यांनी पाहिलंय. दुकानदाराला मात्र तुम्ही आठवत नाही.” फौजदारबाई ताईच्या धाकट्या भावाकडे वळल्या. “आणि तुम्ही?”

“विमानात. तिकीट पाहिलंत ना? साडेतीन हजार किलोमीटर, पाच तास. उतरलो चार वाजून पाच मिनिटांनी. तिथून घर पन्नास मिनिटं. सव्वापाचला दारात होतो.”

“प्रवास कसा झाला रे?” ताईने आपलं सहज विचारलं.

“कसला डोंबलाचा! जाताना बसून बसून जीव गेला, येताना धड जेवू दिलं नाही. ताटं ओढून घेतली आणि पट्टे बांधा म्हणाले.”

 ताई गॅलरीत गेली आणि ऑफिसला फोन लावला. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाई, मावशींना सोडा,” ती म्हणाली. “दोन शहरांमधलं अंतर बदलत नाही, वेळ बदलते. या दिवसांत वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. पश्चिमेला जाताना तो विमानाला अडवतो, येताना ढकलतो. परवा तर फारच होता. म्हणून जेवण आटपायची घाई झाली. तिकिटावर छापलेली वेळ म्हणजे नुसता अंदाज. आत्ता ऑफिसात नोंद विचारली, हा तीन वाजून बारा मिनिटांनी उतरला.”

“ताई, काहीतरीच काय!”

“चारच्या सुमारास तू घराशी होतास. मावशी बाहेर पडताना दिसल्या, तू आत गेलास. मग सव्वापाचपर्यंत कुठे होतास?”

धाकट्याने खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“समोरच्या बागेत,” तो कसाबसा म्हणाला. “बाबा रोज फोनवर रडायचे गं. सोडव म्हणायचे. तुला सांगायची त्यांची हिंमत नव्हती.”

“आणि मावशी? त्यांना फासावर जाऊ देणार होतास?”

 फौजदारबाईंनी त्याचा दंड धरला.

दारापर्यंत गेल्यावर ताईने त्याला थांबवलं. तिला विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

“शेवटी काही बोलले?”

“डोळ्यांना दिसत नव्हतं त्यांना. हात धरला माझा आणि म्हणाले, ताई, आलीस का? मी हो म्हटलं.”