राजहंसांची उलटी बाजू

माझं काम चुका शोधायचं आहे. मानपाड्याच्या पुढे औषधांची कंपनी आहे, तिथे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या उजेडात धरून बघायच्या. आधी काळ्या पाटीसमोर, मग पांढऱ्या. आत केसाएवढा कण दिसला की कुपी बाद. चौदा वर्षं हेच करतेय. तेव्हा ‘चंद्राताई, तुम्हाला भास झाला असेल’ असं सांगायला कुणी येऊ नका. माझे डोळे कंपनी दर सहा महिन्यांनी तपासून घेते.

आमच्या ठाकुर्लीला दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. शहाण्णव साली उत्तराचे बाबा अचानक गेले आणि मागे आम्ही दोघीच उरलो, मी आणि उत्तरा. शिवाय त्यांनी हौसेनं आणलेला रंगीत टीव्ही. तो आणला तेव्हा मी त्याला केसमेंटच्या जाड कापडाचं पांढरं कव्हर शिवलं होतं. पुढे पडद्यासारखा पदर, त्यावर समोरासमोर दोन राजहंस भरलेले. काळा दोरा संपला म्हणून एका हंसाचा डोळा निळा केला. त्यावरून उत्तराच्या बाबांनी मला किती चिडवलं होतं!

रोज पाच वाजता इंग्लिश चॅनलवर एक सीरियल लागायची. परदेशातलं बडं घर, समुद्रावर उघडणारी खिडकी, लांबलचक टेबल, कॉलेजात जाणारी पाच भावंडं. त्यांची भांडणं, गाड्या, कपडे, प्रेमप्रकरणं. मला मेलं एक अक्षर कळायचं नाही. उत्तरा मात्र त्यात बुडून जायची. वेणीचं टोक दातात धरून बघत राहायची. शेवटी रोज सगळे जेवायला बसायचे आणि त्यांचे वडील एकेकाला विचारायचे, आजचा दिवस कसा गेला. तेवढं उत्तरानंच मला समजावलं होतं.

“एवढं काय आहे गं त्यात?” मी एकदा विचारलं. कंपनीतून येऊन भिंतीला टेकले होते, पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

ती म्हणाली, “तिथे कुणी दमलेलं नसतं, आई.”

मला राग आला. मी दमत होते ते कुणासाठी?

दहावीचं वर्ष लागलं की आमच्याकडे केबल कापतात. त्यात विचारायचंसुद्धा काही नसतं. जून लागला आणि केबलवाला पोपट पकड घेऊन दारात हजर. “ताई, यंदा तुमचा नंबर ना?” त्यानं गॅलरीतून आलेली वायर तोडली, वेटोळं करून वरच्या खिळ्याला टांगलं. शेजारची नंदा नववीत, म्हणून त्यांची केबल चालू. तिची आई हसत म्हणाली, “पुढच्या वर्षी आमच्यावर संक्रांत.”

पावसाळाभर मी निर्धास्त होते. मग एकदा कव्हर धुवायला काढलं तर काच गरम लागली. हाताच्या लवेला ओढत होती, चालू टीव्हीची ओढते तशी. वाटलं, ऊन पडलं असेल. आमच्या त्या भिंतीवर ऊन येत नाही, हे मला नंतर सुचलं.

पुढे नंदा सांगायला आली. “काकू, उत्तराला सगळी स्टोरी माहितीये. मी सांगायच्या आधीच सांगते. कुठे बघते ती?”

मी कामाला लागले. वायर तपासली, तुटलेलीच होती. खालच्या बिऱ्हाडांत चौकशी केली. पाचला पोरगी कुठेच जात नव्हती, घरातच असायची.

शुक्रवारी आमच्या कंपन्यांना सुट्टी. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी लाइट गेलेले, पंखा बंद, एमआयडीसीचा तो आंबूस वास खोलीत भरलेला. मी आत तांदूळ निवडत होते. पाच वाजले असतील. सहज डोकावले. उत्तरा टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली, कव्हरचा पदर वर टाकलेला. तिच्या तोंडावर निळसर उजेड हलत होता. ती गालातल्या गालात हसली.

मी पुढे झाले. काच काळी होती. त्यात फक्त आम्ही दोघी दिसत होतो.

“उत्तरा, काय बघतेस?”

“काही नाही गं.” अन् हळूच पदर खाली सोडला.

जानेवारीत प्रिलिममध्ये ती बीजगणितात नापास झाली. माझं डोकंच फिरलं. टीव्ही देऊन टाकायला हात होईना, त्यांची आठवण होती ती. मी सुई घेतली आणि कव्हर चारही बाजूंनी शिवून टाकलं. एकपदरी पांढरा दोरा, उजवीकडे कललेले तिरपे टाके, खालच्या कोपऱ्यात बाहेरून गाठ. उत्तरा दारात उभी राहून बघत होती. शिवणकाम तीही छान करायची, पण डावखुरी, त्यामुळे तिचे टाके नेमके उलटे, डावीकडे कललेले. शाळेच्या स्कर्टची दुमड तिनं घातली की मी लांबूनही ओळखायचे.

“आई, नको ना,” ती एवढंच म्हणाली. मी ऐकलं नाही.

सोमवारी विरजण मागायला नंदाकडे गेले. पाच वाजून गेलेले, नंदा तीच सीरियल बघत होती. मी उभ्या उभ्या नजर टाकली आणि हातातली वाटी तशीच राहिली.

समुद्राच्या त्या खिडकीवर पांढरा पडदा होता. त्यावर राजहंस होते. दोऱ्यांची टोकं, गाठी, एका टाक्यावरून दुसऱ्यावर ओढलेला धागा, सगळं दिसत होतं. भरतकामाची उलटी बाजू होती ती. एका हंसाचा डोळा निळा.

मी धावत घरी आले. उत्तरा शिवलेल्या टीव्हीसमोर बसली होती. डोळे रडून सुजलेले.

“आता तिथे अंधार पडतो गं,” ती म्हणाली. “सगळे विचारतात, पडदा कुणी लावला.”

तेव्हाच मी टाके उसवायला हवे होते का? की टीव्ही उचलून खाडीत फेकायला हवा होता? अजून कळत नाही मला. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी ओरडते. “परीक्षा होईपर्यंत उघडणार नाही म्हणजे नाही!” असं म्हणाले. तिला जवळ घ्यायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी आले तर दाराला आतून कडी.

हाका मारल्या. दार ठोठावलं. नंदाची आई आली, पोपट धावत आला, त्यानं दार फोडलं.

तिच्या चपला उंबऱ्याशी होत्या. वही उघडी, पेनाचं टोपण काढलेलं. खिडकीचे गज जसेच्या तसे. टीव्हीवर कव्हर शिवलेलं.

मी कात्रीनं टराटरा टाके कापले. आत नुसती काळी काच. गरम.

कापायच्या आधी ते टाके मी नीट बघितले नाहीत. चौदा वर्षांत पहिल्यांदाच, जे बघायचं ते मी बघितलं नाही.

चौकीत म्हणाले, “या वयात जातात मुली. येईल.” महिनाभर मी कल्याणपासून कोपरीपर्यंत तिचा फोटो दाखवत फिरले. मग एक दिवस नंदा दबक्या आवाजात म्हणाली, “काकू, त्या टेबलावर हल्ली एक पाठमोरी मुलगी असते. पहिले नव्हती.”

पोपटला सांगून मी वायर जोडून घेतली. कशाला, असं त्यानं विचारलं नाही.

पाच वाजता टेबल दिसलं. एक खुर्ची जास्त होती. तिच्यावर पाठमोरी बसलेली, एकच वेणी, शाळेची लाल रिबीन. ती वेणी मी दहा वर्षं घातली हो. वडील एकेकाला विचारत तिच्यापर्यंत आले, खाली वाकले, काहीतरी पुटपुटले. तिनं मान हलवली. खूप वेळ बोलत होती, मोकळेपणानं, हात हलवत. आवाज येत नव्हता. माझ्याशी इतकं ती कधी बोलली होती? मी कधी विचारलं होतं?

मी काचेला हात लावला. “उत्तरा, अगं, इकडे बघ.” तिनं वळून बघितलं नाही.

त्या उन्हाळ्यात सीरियल बंद झाली. काळी काच बघवेना म्हणून मी कव्हर पुन्हा घातलं, पदर नुसता खाली सोडला. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर तो चारही बाजूंनी शिवलेला.

नव्याण्णव साल चालू आहे आता. संध्याकाळी पाचला मी टाके उसवते, पदर वर करते, काचेला तोंड लावून सांगते, “मी दमलेली नाही गं, बाळा. सांग ना, आज दिवस कसा गेला?” जेवणवेळ होईपर्यंत बसते. मग पदर सोडते. सकाळी कुलूप लावून कामाला जाते, परत येते, तर पुन्हा शिवलेलं. टाके डावीकडे कललेले. गाठ बाहेर सापडत नाही, ती आतल्या बाजूला असते.

मी रोज उसवते. एकपदरी दोऱ्याचं काम, दोन मिनिटांत होतं.

काल वेळ लागला. दोरा दुपदरी होता.