मागचा दोर

दादाला पाण्यातून काढलं तेव्हा त्याच्या हातात दोर होता का?

हे मी पोलिसाला विचारलं, अँब्युलन्सवाल्या बाईला विचारलं, हॉस्पिटलात डॉक्टरलाही विचारलं. माझं इंग्लिश मोडकं, पण एवढं समजण्यासारखं होतं. सगळ्यांनी नुसता खांद्यावर हात ठेवला.

ते जुलैत झालं. ऑक्टोबरात सुलेखा वहिनीने बोट विकली. ईरी कॅनॉल नावाच्या इथल्या जुन्या कालव्यावर, आमच्या घरापासून जवळच धक्क्याला ती बांधलेली असायची. घेणारा वरच्या अंगाला राहत होता. हिवाळ्याआधी कॅनॉल रिकामा करतात, त्याच्या आत बोट त्याच्याकडे पोचवायची होती.

"शेजारच्या दिगंबर काकांना बरोबर ने," वहिनी म्हणाली.

"कशाला? मला येते ड्राइव्ह करता."

"अरे, पण एकट्याने लॉक कसं..." ती तिथेच थांबली. मग फॉइलमध्ये पोळी-भाजीच्या दोन गुंडाळ्या करून माझ्या हातात दिल्या. दुसरी कोणासाठी, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ती मला कधी एका शब्दाने टोचून बोलली नाही. काय झालं ते मी तिला पहिल्याच रात्री सांगितलं होतं, रडून, ओरडून. "अपघात होता रे, विनय," एवढंच म्हणाली आणि मला जेवायला वाढलं. तिने थोबाडीत मारली असती तर मला झोप लागली असती.

सकाळी निघालो. थंडी होती, ऊन होतं. दोन्ही काठांची झाडं पिवळी झालेली, पाण्यावर पानांचा थर. इंजिनाच्या आवाजाशिवाय काही नाही. जुन्या दगडी पुलाखालून जाताना मी सवयीने वर बघितलं. कडेच्या दगडांना खोल खाचा आहेत. पूर्वी काठाने चालणारी खेचरं बोटी ओढायची, त्यांच्या दोरांनी घासून घासून पडलेल्या. दादा दर वेळी दाखवायचा.

"बघ विन्या, दोराने दगड कापलाय. खेचरंच ती, पण ओढ सोडायची नाहीत. नाहीतर तू! अर्ध्या तासात दमतोस."

मी दहावी नापास. त्याने मला अमेरिकेत आणलं, घरात ठेवलं, बोट चालवायला शिकवली. त्याची चेष्टा मला कळायची. कधीकधी कळायची नाही.

दुपारी लॉक आलं. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. बोट खोल हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, मग हौदात पाणी भरतं आणि बोट वर चढते. पाणी उसळतं, म्हणून भिंतीवरून लोंबणारे दोर धरून बसायचं आणि बोट चढेल तसे ते आत ओढायचे. पुढचा एकाने, मागचा दुसऱ्याने. पुढे दादा, मागे मी. "थोडा ओढ, थांब. थोडा ओढ, थांब," तो तालावर म्हणायचा.

जुलैतल्या त्या दिवशी शेजारी दुसरी बोट होती. त्यातले गोरे लोक आमच्याकडे बघत होते. माझा दोर ढिला पडला.

"अरे, एक दोर धरता येत नाही तुला? एवढं पण जमत नाही?"

"मग तूच धर!" मी म्हणालो आणि दोर भिरकावला.

बोटीची मागची बाजू भिंतीपासून सुटली. दादा दोर पकडायला मागे झेपावला.

आजही लॉकचा म्हातारा ऑपरेटर तोच होता. त्याने बोट ओळखली. टोपी काढली. दरवाजा मागे बंद झाला. खाली अंधार, शेवाळ्याचा ओला वास, वर आकाशाची पट्टी. मी एकटा, म्हणून पुढे गेलो आणि दादाचा दोर धरला.

खालून पाणी उसळलं. आता मागची बाजू वळणार, भिंतीवर आपटणार, म्हणून मी पाय रोवले.

बोट हलली नाही.

पाणी खदखदत होतं आणि बोट भिंतीला धरून सरळ वर चढत होती. मी मान वळवली. मागचा दोर कडेवरून आत आला होता. माझ्या रिकाम्या सीटवर, बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, तो ताठ थांबला होता. त्याचं टोक खाली लोंबत होतं, त्यातून पाणी गळत होतं.

हातभर आत आला. थांबला. हातभर आत आला. थांबला.

तूच धर, असं मी म्हटलं होतं.

"दादा..." मी म्हणालो. "दे इकडे... मी धरतो."

मी पुढचा दोर सोडला आणि रांगत मागे गेलो. दोर बर्फासारखा गार होता. फक्त एक मूठभर जागा कोमट. तिथेच मी हात घातला. क्षणभर तो सुटेना. मग सगळा ताण माझ्या हातात आला.

मी सीटवर बसलो. थोडा ओढला, थांबलो. थोडा ओढला, थांबलो. पुढचा दोर मी सोडून आलो होतो, तरी बोट सरळच होती. मी समोर बघितलं. तिकडे दोर ताठ झाला होता. माझ्याबरोबर तोही हातभर आत येत होता.

पाणी थांबलं. ऊन तोंडावर आलं. समोरचा दरवाजा उघडला, हिरवा दिवा लागला.

"ओके, लेट गो!" ऑपरेटर वरून ओरडला.

पुढचा दोर तसाच ताठ होता.

"लेट गो, सन!" तो पुन्हा ओरडला. मग पुढच्या दोराकडे बघतच राहिला.

मी हाताला दोराचा वेढा घेतला आणि सोडला नाही.