पेटीजवळची अकरा मिनिटं

खट् असा आवाज झाला. वजन टेबलावरून हललंही नाही.

तपासनीसाने पिस्तुलाची नळी पुन्हा उभी धरली, ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवलं आणि सावकाश वर उचलायला घेतलं. नियम साधा आहे. वजन ट्रिगरला लटकून वर आलं तर पिस्तूल पास. त्याआधीच ट्रिगर सुटला तर तो हलका, आणि हलका ट्रिगर म्हणजे लबाडी. तीन संधी मिळतात. तिसऱ्यांदाही खट्.

समोरच्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. एकोणीस वर्षांच्या या मुलीला क्लबमध्ये सगळे धाकटी म्हणत. थोड्याच वेळापूर्वी ती हवेच्या पिस्तुलाचा साठ शॉटचा सामना जिंकली होती. संघात एकच जागा होती आणि ती तिची झाली होती. आता निकाल रद्द होणार होता. शिवाय तपासणी झालेल्या पिस्तुलात फेरफार केला म्हणून दोन वर्षं बंदी.

"सकाळी हेच पिस्तूल तुम्हीच पास केलंत," ती म्हणाली. "स्टिकर आहे वर."

"स्टिकर बाहेर असतो, स्क्रू आत असतो," तपासनीस म्हणाला आणि त्याने अपील ज्युरीच्या बाईंना बोलावणं धाडलं.

बाईंनी तीस वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तराजू सांभाळले होते. निवृत्तीनंतर त्या या खेळाच्या नियमांच्या मागे लागल्या. हौसेने आल्या होत्या, पण आता बहुतेक वेळा नाक मुरडूनच बसत. ग्रिपमध्ये शिसं भरणारे, बुटाचे तळ तासणारे, स्टिकर वाफेवर सोडवून दुसरीकडे चिकटवणारे असे सगळे नमुने त्यांनी पाहिले होते. त्या आल्या तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. संघाची यादी चारला जायची होती.

ज्युरीला मिळालेली खोली म्हणजे हॉलमागचं कोठार. रबरी चटयांचा कुबट वास, कोपऱ्यात भोकं पडलेल्या कागदी टार्गेटांचा ढीग, खुर्च्या तीन आणि त्यातली एक लंगडी. लंगडी खुर्ची बाईंनी स्वतः घेतली.

"किती भरला ट्रिगर?" त्यांनी तपासनीसाला विचारलं.

"चारशे साठ. लहान वजनं लावून पाहिलं."

"म्हणजे चाळीसच कमी."

"चाळीस काय आणि चारशे काय, नियमाला सारखंच."

"नियमाला असेल," बाई म्हणाल्या. "मला नाही."

धाकटी आत आली. बरोबर तिची आत्या होती. आईवडिलांच्या पश्चात हिला वाढवलं ते आत्यानेच. ती दाराशीच उभी राहिली.

"सामना संपल्यावर काय केलंस?"

"पिस्तूल पेटीत घातलं, पेटी मागच्या बाकावर ठेवली आणि बाथरूमकडे पळाले. मला उलटी होते."

"आज झाली?"

"दरवेळी होते. शेवटचा शॉट गेला की पोट वर येतं. सगळ्यांना माहीत आहे, हसतात."

"किती वेळ गेला?"

"अकरा मिनिटं," आत्या म्हणाली. "मी दारात होते. तपासणीला तिचं नाव पुकारलं जात होतं, म्हणून सारखी घड्याळ बघत होते."

पहिल्या तिघींची पिस्तुलं सामन्यानंतर पुन्हा तपासायची, हा इथला नेम होता. तोही सगळ्यांना माहीत होता.

"पेटीला कुलूप?"

"नव्हतं."

"पिस्तूल सोडून जायचं नाही, हा नियम ठाऊक आहे?"

"आहे. पण पिस्तुलावर ओकायचं नाही, असाही असेल ना एखादा."

बाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. त्यांनी पिस्तूल तिच्यापुढे सरकवलं. "हातात घे. डोळे मिटून पकड."

तिने पकडलं आणि लगेच डोळे उघडले. "हे तिरकं झालंय. ग्रिप पुढे कलली आहे. माझी अशी नसते."

"आता सगळ्यांना असंच काहीतरी सुचतं," तपासनीस म्हणाला.

बाईंनी भिंग काढलं. लाकडी ग्रिप जिथे धातूला टेकते तिथे एक बारीक चरा होता, अर्धा लाकडावर आणि अर्धा धातूवर. दोन्ही अर्धे एका रेषेत यायला हवे होते. ते नाण्याच्या जाडीइतके चुकले होते. बाईंनी कागदाची पट्टी लावली, पेन्सिलीने अंतर टिपलं आणि पट्टी पर्समध्ये ठेवली.

"चरा कोणी पाडला?"

"क्लबच्या मिस्त्रींनी. तीन महिन्यांपूर्वी मी ग्रिप सरळ करून घेतली. त्यानंतर माझे अकरा गुण वाढले."

"तुझ्या प्रशिक्षक सरांनी परवानगी दिली?"

उत्तर आत्याने दिलं. "सरांना आवडलं नाही. पंचवीस वर्षं ते सगळ्या मुलींना ग्रिपचा एकच कोन देतात. ही म्हणाली, या सामन्यानंतर मी दुसऱ्या क्लबात जाते. त्यावरून पंधरा दिवस बोलणं बंद होतं. आज मात्र सर अगदी मायेने वागले. मघाशी मला म्हणाले, तिला कबूल करायला सांगा, शिक्षा कमी होईल."

"कधी म्हणाले?"

"तिसऱ्यांदा खट् झालं तेव्हाच."

सर बोलावण्याची वाट न बघताच आत आले. तोंडात पेपरमिंट, डोळ्यांत पाणी. त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला. ती बाजूला सरकली, तरी हात काही वेळ तसाच हवेत राहिला.

"बाई, पोर आहे, घसरली. तिच्याकडून लिहून घ्या आणि माझ्या हवाली करा. बंदीनंतर परत यायला प्रशिक्षकाची हमी लागते, ती मी देतो. दोन वर्षं माझ्या नजरेखाली राहील. सुधारेल."

"तिने केलं, याची तुम्हाला खात्री आहे?"

"स्क्रू काय आपोआप फिरतो?"

"अकरा मिनिटं तुम्ही कुठे होता?"

"बाकाशीच. निकालाचा पडदा बघत होतो, सगळेच बघत होते. मिस्त्री होता, थोरली होती."

थोरली म्हणजे सरांचीच दुसरी शिष्या, आज दुसरी आलेली. धाकटी बाद झाली की जागा तिची. तेवढ्यावर भागत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी हलक्या ट्रिगरसाठी बंदी झालेली मुलगी हीच, आणि तिने तसं लिहूनही दिलं होतं. तपासनीसाने बाईंच्या कानात या गोष्टीची अशा चवीने आठवण करून दिली की बाईंनी कान रुमालाने पुसला.

थोरली आली ती खाली मान घालून.

"बाकाजवळ किती वेळ होतीस?"

"पाच मिनिटं. मग माझं नाव पुकारलं."

"पेटीला हात लावलास?"

"नाही."

"तू बाद झाली होतीस तेव्हा कबूल केलं होतंस."

"सरांनी सांगितलं, हो म्हण, मी सोडवतो. सोडवलं नाही, पण हमी दिली. त्यांच्यामुळे परत आले." हे ती पाठ केल्यासारखं बोलली.

मिस्त्री शेवटी आला. क्लबची सगळी पिस्तुलं हाच दुरुस्त करी. जाड चष्मा, बोटांना तेलाचा वास.

"या जातीच्या पिस्तुलात ट्रिगरचं वजन कुठून बदलतं?"

"ग्रिपखाली स्क्रू आहे. ग्रिप काढल्याशिवाय दिसत नाही. जुनं मॉडेल आहे. सरांच्या सगळ्या पोरींना हेच."

"काढून, फिरवून, पुन्हा बसवायला?"

"हात सरावलेला असेल तर तीन मिनिटं."

बाईंनी सामन्याचा छापील तक्ता उघडला. साठच्या साठ शॉट मधोमध, मुठीत मावतील असे. "ग्रिप अशी पुढे कलली तर शॉट कुठे जातात?"

"खाली. हिचा नेम आता सरळ ग्रिपला जुळवलेला आहे. शंभर टक्के खाली."

साडेतीन वाजले होते. बाईंनी सगळ्यांना आत घेतलं आणि दार लावलं. पिस्तूल, स्क्रू फिरवायची षट्कोनी ॲलन की आणि एक फडकं टेबलावर ठेवलं.

"प्रत्येकाने ग्रिप काढायची आणि नीट पुन्हा बसवायची. एवढंच."

मिस्त्रीने चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रू सोडवला, ग्रिप काढली. बसवताना पिस्तूल डोळ्याजवळ नेऊन त्याने चरा शोधला, दोन्ही अर्धे जुळवले आणि मगच आवळलं.

थोरलीने ॲलन की उचलली. ती तिने आधी उलटी धरली, मग भलत्याच स्क्रूत घातली. "मला नाही येत. सर हात लावू देत नाहीत. क्लबात आले तेव्हापासून तेच सगळं करतात."

तपासनीस हसला. बाई हसल्या नाहीत. त्या थोरलीकडे बघतच राहिल्या.

मग पिस्तूल सरांपुढे आलं.

"बसवता बसवता सांगा," बाई म्हणाल्या, "या मुलीचं नेमकं चुकलं काय?"

हा विषय सरांच्या आवडीचा. "अहंकार, बाई. थोडे गुण वाढले की पोरांना वाटतं, आपल्याला कळतं. मी यांना काहीच नसल्यापासून घडवलं." ते बाईंकडे बघत बोलत होते. हात आपलं काम करत होते. ग्रिप निघाली, बसली, आवळली गेली. खाली त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

बाईंनी पर्समधली पट्टी काढली आणि चऱ्यावर लावली. पेन्सिलीची खूण तंतोतंत बसली.

"पिस्तूल माझ्याकडे आलं तेव्हा ग्रिप अशीच होती," त्या म्हणाल्या. "इतकीच तिरकी."

"तिरकी कशी?" सर चिडून म्हणाले. "हाच बरोबर कोन आहे. मी नीटच बसवली होती."

सरांच्या तोंडातलं पेपरमिंट दातावर आपटलं, तेवढा आवाज आला.

"आत्ता, आत्ताचं म्हणतोय मी," ते म्हणाले.

"आत्ताची मला दिसतेच आहे. होती म्हणालात." बाईंचा आवाज चढला नाही, पण त्यात जी शिसारी होती ती सगळ्यांना ऐकू आली. "तुम्ही नसतं म्हटलं तरी चाललं असतं. तुमचे हात बोललेच होते. ऐका. ही ग्रिप सामन्यात अशी असती तर साठ शॉट खाली गेले असते. एकही गेला नाही. म्हणजे ग्रिप काढली गेली ती सामन्यानंतर, ही बाथरूममध्ये होती त्या अकरा मिनिटांत. जिंकून झाल्यावर ट्रिगर हलका करून हिला काय मिळणार? ज्याने केलं त्याला जिंकायचं नव्हतं, हिला पकडवायचं होतं. अडाण्याने स्क्रू गरगर फिरवला असता. इथे चाळीसच ग्रॅम कमी केले, खऱ्या लबाड खेळाडूने करावे तेवढेच. म्हणजे जाणकार. बाकाशी तिघं होते. मिस्त्री चऱ्याशिवाय ग्रिप बसवत नाही. थोरलीला ती काढताच येत नाही. राहिलात तुम्ही. तुम्ही घाईत होतात, आणि घाईत हात पंचवीस वर्षांच्या सवयीवर गेले. स्क्रू बिघडवला तो ठरवून. ग्रिप मात्र तुम्ही सुधारलीत."

"कशासाठी करीन मी?" सर म्हणाले. "माझीच मुलगी आहे ती."

"ती निघाली होती म्हणून. तुमचा कोन मोडून ती जिंकली, आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या नावाने खेळली असती. बंदी झाली असती तर हमीसाठी तुमच्याच दारात आली असती. वरून डोळ्यांत पाणी आणलंत. आत्याकरवी तिला कबुली द्यायला सांगितलंत. मी लबाड खूप पाहिलेत हो. त्यांना निदान स्वतःला जिंकायचं असतं."

सरांनी डोळे पुसले. पुसल्यावर ते कोरडेच निघाले. "मी तिचं भलंच बघत होतो," ते म्हणाले. आत्या पुढे आली आणि तिने धाकटीला त्यांच्यापासून दूर, खिडकीकडे नेलं.

बाईंनी कागद ओढला. साठही शॉट नियमातल्या पिस्तुलाने झाले आहेत, सबब निकाल कायम. पेटी सोडून गेल्याबद्दल खेळाडूला लेखी ताकीद. प्रशिक्षकाचा परवाना स्थगित, चौकशी पुढे. तपासनीस तीनदा खाकरला, पण त्याने सही केली. चारला दहा मिनिटं कमी असताना यादी गेली. तिच्यात धाकटीचं नाव होतं. आत्या रडायला लागली. धाकटी पोट धरून पुन्हा बाथरूमकडे पळाली.

थोरली जागची हलली नव्हती.

"सर," ती म्हणाली, "मीपण बंदीआधी क्लब सोडणार होते."

सर दाराकडे बघत होते.

"माझंही तुम्हीच केलंत?"

"तुझी गोष्ट वेगळी होती," सर म्हणाले.

"मला वाटलं, वजनातच काहीतरी चुकलं असेल. तीन वर्षं मी रोज तुमचे आभार मानले."

सर बाहेर पडले. जाताना त्यांनी दार हळूच लावलं, सभ्य माणसासारखं. बाईंनी सरांचा हात लागलेली ॲलन की फडक्याने पुसली.

"तुझ्या बंदीचा कागद मी उद्या काढते," त्या थोरलीला म्हणाल्या. "तो ठपका रद्द होईल. त्यावर सही माझीच आहे."

"माहीत आहे मला," थोरली म्हणाली. "याच खोलीत केली होती तुम्ही. सर बोलत होते आणि तुम्ही लिहीत होता. मला ॲलन की धरता येते का, हे तेव्हा विचारलं असतंत तरी पुरलं असतं."

त्या दिवशी दुसऱ्यांदा त्यांना किळस आली, आणि या खेपेला ती स्वतःची होती.