संडास नीट करीन

आमच्या वैशाखरे गावच्या घरातल्या संडासात काही बिघाड नव्हता. हे मी माझ्या बायकोला, जनाला, दोन वर्षं सांगत होतो. ती म्हणायची, "मी पाणी ओतलं की वर येतं." मी ओतलं की सरळ जायचं. मग मी चिडायचो. "तुला बांधावर जायचीच खोड आहे."

श्रावणात बांधावर तिला साप चावला. मुरबाडच्या दवाखान्यात पोचायच्या आत गेली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. पोरीचं बघीन म्हटलं, शेत विकणार नाही म्हटलं. शेवटी मेहुणी लहानी सगळ्यांदेखत म्हणाली, "भावजी, संडास नीट करीन म्हणा."

लाज वाटली, संताप आला. पण म्हटलं. कावळा लगेच उतरला.

तेरावं झाल्यावर सावळाराम गवंड्याला बोलावलं. संडास त्यानंच बांधलेला.

"उतार चुकवलास तू."

"बघू तर द्या, दादा. पाणी हळू उतरलं तर खड्डा भरला. गुडगुडलं तर हवा अडकली. उतरलंच नाय तर पाइपात काहीतरी बसलंय."

त्यानं तीन बादल्या ओतल्या. गपकन गेल्या. चेंबरचं झाकण काढलं. पाणी नीट वाहत होतं.

"ठणठणीत आहे. भांडताय कुणाशी तुमी?"

"मग ती बाहेर का जायची?" मी फावडं आपटलं.

माझी पोर पूजा दिवसकार्याला सासरहून आलेली. ती आत गेली. थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा, पाणी वर येतंय."

भांडं काठोकाठ भरलेलं. चेंबरमध्ये थेंब नाही. पूजा बाहेर आली, मी आत पाय ठेवला. पाणी सरळ उतरलं.

सावळारामनं थापी उचलली. "हे माझ्या कामातलं नाय."

भांडं मी घणानं फोडलं. पाइप उपटला. सगळं नवं बसवलं आणि जनाच्या फोटोवर ओरडलो, "केलं नीट! आता बस!"

पूजा तोवर मुरबाडला सासरी गेली होती. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. काल सकाळी फोन आला.

"बाबा, इथंपण वर येतंय."

"नवऱ्याला दाखव."

"त्यांनी ओतलं की जातं. म्हणतात, नाटकं करतेस."

त्याला द्यायची शिवी माझ्या तोंडातच राहिली.

"पूजा, बाहेर जाऊ नको. मी निघालो."

फोनमध्ये वारा ऐकू येत होता.

"बाहेरच आलेय, बाबा. बिल्डिंगच्या मागं. गवत लय उंच आहे. पण मधून कुणाची तरी पायवाट पडलीय."