आगंतुक ‘एस’

शुभ्राने दुकानाचं काचेचं दार ढकललं, तेव्हा भिंग लावून वाकून बसलेला माणूस मान वर न करताच म्हणाला, “श्वास जरा हळू घ्या हं.”

“काय?”

“चांदीचा कीस उडतोय. दोनच मिनिटं.”

श्वास हळू घ्यायला तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका भारतीय शाळेत ती फ्रेंच शिकवायची, आणि होती पुण्याची. ह्या दोन्ही गोष्टींचा तिला गरजेपेक्षा थोडा जास्तच अभिमान होता. क्रीडास्पर्धेच्या ढालींवर नावं घालून घ्यायला ती मुसाफ्फातल्या ह्या कोरीवकामाच्या दुकानात आली होती. तरी ती खरंच श्वास रोखून उभी राहिली. त्याने भिंग काढलं... आणि भिंगामागे इतके हसरे डोळे असतील असं तिला मुळीच वाटलं नव्हतं.

“विघ्नेश,” तो म्हणाला. “आता घ्या श्वास. नाहीतर माझ्यावर यायचं.”

तिने फॉर्म भरला. ‘फ्रेंच विभाग’ हे शब्द वाचून त्याने घाईघाईने एक कागद तिच्यापुढे सरकवला. एका स्कॉटिश आजोबांच्या नातीचं अबुधाबीत लग्न होतं. त्यांच्यातले पुरुष कार्याला चौकड्यांचा घोळदार पोशाख घालतात, त्याला लावायच्या चांदीच्या वीस पिना होत्या, आणि प्रत्येकीवर घराण्याचं ब्रीद कोरायचं होतं. घराणं स्कॉटिश आणि ब्रीद चक्क फ्रेंच!

“‘तुजूर प्रे’,” शुभ्राने वाचलं. “म्हणजे ‘सदैव तयार’. पण ह्या ‘प्रे’मध्ये हा ‘एस’ कुठून घुसला? माझ्या मुलांनी असं लिहिलं तर मी मार्क कापते.”

“गिऱ्हाइकाने असंच लिहून दिलंय, मॅडम.”

“मग गिऱ्हाईक चुकलंय.”

विघ्नेश घुटमळला. “माझे बाबा कणकवलीच्या बाजारात भांड्यांवर नावं घालतात. ते म्हणतात, अक्षर गिऱ्हाइकाचं, हात आपला. कुणी ‘रखमाबाय’ लिहून दिलं तर ‘रखमाबाय’च घालायचं. भांड्यावरचं नाव सुधारायचं नसतं.”

“भांडी वेगळी, फ्रेंच वेगळं. बोर्डात सत्त्याण्णव मार्क होते मला!” असं म्हणून तिने त्याच्या बोटांतली पेन्सिलच काढून घेतली, ‘एस’वर काट मारली आणि ‘ई’च्या डोक्यावर छोटीशी टोपी चढवली. पेन्सिल परत देताना बोटांना बोटं लागली. त्याने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे... जरा जास्तच वेळ.

“तुम्ही म्हणताय म्हणून हं,” तो म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या दिवशी हे कुणाला कळणार?

पुढचे तीन आठवडे ढालींवरच्या नावांत रोज काही ना काही तपासायला निघायचं. एवढं तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं. समोरच्या कॅफेटेरियात दाट, कडक ‘करक’ चहा व्हायचा. त्याच्या मनगटावर चांदीचा बारीक कीस चमकायचा आणि शुभ्राची नजर पुन्हापुन्हा तिथेच जायची.

“काय बघतेस?” ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

“चांदी.”

“असं? मला वाटलं, मला.”

“फार शेफारलायस,” ती म्हणायची आणि गाल लाल व्हायच्या आत कपात तोंड खुपसायची.

मग एका सकाळी, धुकं नुकतंच निवळत असताना, ढालींचं खोकं खांद्यावर घेऊन विघ्नेश शाळेत आला. दुकानाचा निळा गणवेश, कपाळावर घाम. स्टाफरूमच्या दारात शुभ्राला पाहून तो मनापासून हसला. “शुभ्रा, कुठे ठेवू?”

सगळ्या माना वळल्या. ज्येष्ठ शिक्षिका प्रमिला मॅडमने चष्म्यावरून त्याला नखशिखान्त न्याहाळलं. “ओळखतेस ह्याला?”

एक क्षण... एकच क्षण होता तो. पण शुभ्राला आपली पुण्यातली आई दिसली, सहकाऱ्यांच्या उंचावलेल्या भुवया दिसल्या, तो निळा गणवेश दिसला.

“छे! दुकानातला माणूस आहे.”

विघ्नेशचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. त्याने खोकं हळूच खाली ठेवलं आणि पावती पुढे केली. “इथे सही करा, मॅडम.”

ते ‘मॅडम’ तिला सणसणीत लागलं. दिवसभर ती वर्गात काय शिकवत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. स्वतःची एवढी लाज तिला कधीच वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच, माफी मागायचीच असं ठरवून तिने दुकान गाठलं. विघ्नेशची जागा रिकामी होती.

“त्याला तिकडे शारजाला, हमरियाच्या गोडाउनला टाकलाय, खोकी उचलायला,” मालक राजनशेठ फणफणत होते. “स्कॉटिश कस्टमरच्या वीसच्या वीस पिना बिघडवल्या ना! ते स्पेलिंग पाचशे वर्षांचं होतं म्हणे. जुनं फ्रेंच. त्यात तो ‘एस’ पाहिजेच. आमच्या साहेबांनी परस्पर सुधारून टाकलं! कोणी सांगितलं रे तुला, विचारलं, तर तोंडाला कुलूप. म्हणतो, माझंच डोकं. परवा चारला कस्टमर येतोय. त्याची माफी मागायची, मग हातातलं हत्यार कायमचं खाली ठेवायचं. खलास!”

मी सांगितलं, हे दोन शब्द शुभ्राच्या ओठांपर्यंत आले होते. बाहेर पडलं ते भलतंच. “अच्छा... असं झालं का?”

आणि ती चक्क निघून आली!

घरी येऊन तिने जुन्या फ्रेंचची माहिती शोधून काढली. तो ‘एस’ पुढे लिहिण्यातून गळाला आणि त्याची खूण म्हणून अक्षराच्या डोक्यावर टोपी आली. फ्रान्सने ‘एस’ सोडला, पण स्कॉटलंडमधल्या घराण्यांनी वाडवडिलांनी लिहिला तसाच जपला. सत्त्याण्णव मार्कांत एवढं काही आलं नव्हतं. संध्याकाळी तिने विघ्नेशला फोन लावला.

“माझं नाव का नाही सांगितलंस?”

पलीकडे खोकी सरकवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “दुकानातल्या माणसाने मॅडमचं नाव कशाला घ्यायचं?”

“विघ्नेश...”

“आणि कोरलं मीच ना? बाबांचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं. का ऐकलं ते तुम्हाला माहितीये. ठेवतो.”

शुभ्रा उशीत तोंड खुपसून रडली. त्याचं सगळं शिक्षण, सगळा अभिमान त्या दहा बोटांत होता, आणि तिच्यामुळे ती बोटं आता खोकी उचलत होती. ती गप्प राहिली तर कुणालाही काही कळणार नव्हतं. ह्या गप्प राहण्याचीच तिला जास्त लाज वाटली.

ठरल्या दिवशी पावणेचारला ती शाळेच्या फाटकात टॅक्सीची वाट पाहत होती, तेवढ्यात प्रमिला मॅडमची गाडी थांबली. “कुठे निघालीस? बस, सोडते.”

नको म्हणायचं होतं... पण ती बसली. आणि दुकानापाशी उतरताना म्हणाली, “मॅडम, तुम्हीही आत या. तुमच्यासमोरच बोलायचंय.”

आत पांढऱ्या मिशांचे आजोबा बसले होते आणि त्यांच्यासमोर विघ्नेश मान खाली घालून उभा होता. शुभ्रा आधी इंग्रजीत आजोबांना, मग मराठीत राजनशेठना म्हणाली, “तो ‘एस’ मी काढला. हा नको म्हणत होता, मीच पेन्सिल हिसकावून घेतली. त्या दिवशी इथे उभी राहून सगळं ऐकलं, तरी बोलले नाही. मला फार लाज वाटते.”

“मुली, शाळेत मीसुद्धा तो ‘एस’ खोडला होता,” आजोबा म्हणाले. “वडिलांनी सांगितलं, आपली माणसं लढाईला जाताना हे असंच लिहून गेली, आता त्यांना कोण सुधारणार?” मग विघ्नेशकडे वळून त्यांनी विचारलं, “शनिवारपर्यंत होईल?”

“पत्रा जाड आहे, सर. घासून पुन्हा कोरतो. होईल.”

“तर मग हाच कोरेल,” आजोबा राजनशेठना म्हणाले. “दुसऱ्या कुणाच्या हातात मी पिना देणार नाही.”

राजनशेठचा पारा उतरला, तरी गुरगुर संपली नव्हती. “बस बाबा, बस तुझ्या जागेवर. पण मॅडम, एक समजत नाही. माझ्या वर्करसाठी तुम्ही एवढं का करताय? तुम्ही ह्याच्या कोण?”

प्रमिला मॅडमने चष्मा सावरला. विघ्नेशने झटकन मान वर केली आणि डोळ्यांनीच तिला विनवलं... नको, काही बोलू नकोस.

“माझं ह्याच्यावर प्रेम आहे,” शुभ्रा म्हणाली. “आणि शाळेत सगळ्यांसमोर मी ह्याला ओळख दिली नाही. प्रमिला मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोलले.”

विघ्नेश तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “इथे बोलणं सोपं आहे गं, शुभ्रा. पुण्यात आईला काय सांगशील? दुकानातला माणूस?”

प्रश्न रास्त होता. शुभ्राला राग आला नाही. तिने पर्समधून मोबाइल काढला.

“अगं, मी सहज म्हणालो... आत्ता नको! हात तरी धुऊ दे, गणवेश तरी बदलू दे...”

“काही बदलायचं नाही,” ती म्हणाली. बोटिम अ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लागला. आई भाजी निवडत बसली होती. शुभ्राने मोबाइल फिरवला आणि त्याच्यासमोर धरला.

“आई, हा विघ्नेश. इथल्या दुकानात कोरीवकाम करतो. मला ह्याच्याशी लग्न करायचंय.”

पलीकडे मेथीची जुडी हवेतच थांबली. विघ्नेशने घाबरून, गोडाउनच्या धुळीने माखलेल्या हातांनीच नमस्कार केला. शुभ्राने मोबाइल खाली घेतला नाही.

मग आईने जुडी बाजूला ठेवली आणि नाकावरचा चष्मा नीट केला.

“जरा उजेडात ये रे बाळा,” ती म्हणाली. “नीट दिसत नाहीयेस.”